गिराणात चिरलेली वांगी

माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा सगळ्यांनी आधी त्याचे ओठ बघितले. मुलगा की मुलगी, ते नंतर. माझी आत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, खाटेपाशी उभी राहून त्याचा वरचा ओठ बोटानं चाचपत होती. मग तिनं कान बघितले, मग हातापायाची बोटं. मी तेव्हा शाळकरी पोर होते आणि मला भारी राग आला होता. लेकरू काय बाजारातला भोपळा आहे, असं उलटंपालटं करून बघायला? पण तिला जे शोधायचं होतं ते काही सापडलं नाही. सगळं जागच्या जागी होतं. अण्णा आत आले आणि एवढंच म्हणाले, "बघितलंस ना आक्का? आता तरी पटलं का?"

आत्या काय शोधत होती, ते सांगते. त्याच्या आधीच्या दिवाळीच्या सुट्टीत सूर्यग्रहण लागलं होतं. आमच्याकडं त्याला गिराण म्हणतात. गिराणात पोटुशी बाईनं काही चिरायचं नाही, शिवायचं नाही. चिरलं तर लेकराचा ओठ फाटका निघतो, कान तुटका निघतो, अशी समजूत. आणि माझ्या मायनं त्या गिराणात, माझा भाऊ पोटात असताना, भर अंगणात बसून वांगी चिरली होती. चोरून नाही. सगळ्या वस्तीनं बघावं म्हणून.

ही कल्पना अण्णांची. अण्णा एसटीत कंडक्टर होते, हिंगोली डेपोला. आम्ही बौद्ध, घरात देव्हारा नाही, उपास नाही, नवस नाही. पण देव सोडणं सोपं आणि गिराण सोडणं अवघड, असं अण्णा नेहमी म्हणायचे. वस्तीतल्या बाया गिराण लागलं की दारं लावून बसायच्या, भरलेलं पाणी ओतून द्यायच्या. अण्णांच्या डोक्यात तिडीक जायची. त्या वर्षी त्यांनी आठवडाभर आधी विहारात माणसं जमवली, टॉर्च, मोसंबी आणि लिंबू घेऊन गिराण समजावून सांगितलं. टॉर्च म्हणजे सूर्य, मोसंबी म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे चंद्र. लिंबाची सावली मोसंबीवर पडली, झालं. यात पोटातल्या लेकराचा काय संबंध? मग त्यांनी जाहीर करून टाकलं की गिराण चालू असताना विहाराच्या अंगणात चूल पेटेल, भाजी-भाकरी होईल, सगळे जेवतील, आणि भाजी आपली बायको चिरेल. मायला विचारलं होतं का? मला नाही वाटत. तिला सांगितलं होतं.

सकाळची वेळ होती. उजेड मळकट पिवळा झाला, कावळे गोंधळले. आम्ही पोरं जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्य बघत होतो. माय विळीवर बसली होती, शेजारी काटेरी वांग्यांची पाटी, पाण्याचं भगुणं. खाली मान घालून चिरत होती. एकदाच तिनं वर बघितलं, ते सूर्याकडं नाही, अण्णांकडं. अण्णा कुणाला तरी लिंबू दाखवत होते. आत्यानं केव्हाच घरात जाऊन कडी लावली होती. भाजी थोडी कच्ची राहिली, तरी सगळ्यांनी वा वा म्हणून खाल्ली. त्या दिवशी मला माझ्या बापाचा फार अभिमान वाटला होता. खोटं कशाला सांगू, अजूनही वाटतो.

म्हणून ते ओठ बघणं. आणि म्हणून अण्णांचा तो आनंद. पुढं कित्येक महिने ते एसटीत तिकीट फाडता फाडता लोकांना सांगायचे, "माझ्या घरी चला, लेकरू बघा. गिराणात भाजी चिरली व्हती, नाक-कान बराबर हायेत." डोंगरकडा गावाच्या गाडीतल्या नेहमीच्या माणसांना तर ती गोष्ट पाठ झाली होती.

भाऊ वाढत होता. दिसायला देखणा, शेलाट्या अंगाचा, लांब पापण्यांचा. पण बोलेना. दोन वर्षांचा झाला, म्हणाले मुलगे उशिराच बोलतात. तीनचा झाला, म्हणाले आजोबांवर गेला असेल, घुमा. हाक मारली तर बघायचा नाही, पण कुकरची शिट्टी झाली की कान दाबून भिंतीला डोकं घासायचा. रागावला की स्वतःचाच हात चावायचा. नांदेडच्या डॉक्टरनं बघितलं आणि सांगितलं की डोक्याची वाढ कमी आहे, असंच राहील, प्रेमानं सांभाळा. कशानं झालं हे विचारलं तर म्हणाले, कारण सांगता येत नाही.

कारण सांगता येत नाही म्हटलं की लोकांचं फावतं. आत्या एक दिवस आमच्या उंबऱ्याशी बसून सुपात तूर पाखडत होती. पाखडता पाखडता म्हणाली, "गिराण ओठाला न्हाई लागलं. डोक्याला लागलं." झालं. त्या एका वाक्याला पाय फुटले. चार दिवसांत वस्तीत, मोंढ्यातल्या धान्यबाजारात, मायच्या माहेरी हट्टा गावात, सगळीकडं तेच. आणि एक बघा. ज्यानं विळी मांडून दिली त्याला कुणी चकार शब्द बोललं नाही. जिनं चिरलं, तिला सगळे बोलले. "तुला तरी अक्कल पाहिजे व्हती का न्हाई? मानूस काय, मानूस बोलंल. आपलं पोट आपन सांभाळावं." हे मी माझ्या कानानं ऐकलंय, एकीकडून नाही, दहाजणींकडून. माय ऐकून घ्यायची आणि भाकरी थापत राहायची.

पुढं काही वर्षांनी परत गिराण लागलं. संध्याकाळची वेळ होती. माय पोटुशी नव्हती, काही नव्हती. तरी तिनं विळी पोत्याखाली सारली, दार लावलं आणि भावाला मांडीवर घेऊन अंधारात बसली. दोन्ही हातांनी त्याचे कान झाकले होते, शिट्टी नसताना. अण्णा ड्युटीवरून आले, दार ढकललं, तिला बघितलं. मला वाटलं आता घरात महाभारत होणार. काही झालं नाही. अण्णांनी दार हळूच परत ओढून घेतलं आणि बाहेर ओट्यावर बसून राहिले. विहारातलं त्यांचं बोलणं तोवर बंदच झालं होतं. विचारलं तर म्हणायचे, ड्युटी बदलली, वेळ होत नाही.

आता माझ्या भावाबद्दल सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्या घरात नुसतं सुतक होतं. तसं मुळीच नव्हतं. त्याला माणसांचे हात हुंगायची सवय होती. घरात कुणी आलं की तो जवळ जायचा, हात उचलायचा, तळवा नाकाशी धरायचा आणि मग ठरवायचा, हे माणूस चालेल की नाही. आमच्या घरी येणारा एक विमा एजंट त्याला कधीच चालला नाही, आणि तो पुढं खरंच लबाड निघाला, पण तो योगायोग असेल. हळदीच्या दिवसांत माय मोंढ्यातल्या एका आडतीवर हळद निवडायला जायची, तेव्हा त्याला बरोबर न्यायची. हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं, किडकं-कुजकं तिसरीकडं. दहा-बारा बाया ढिगाभोवती बसायच्या आणि हा मध्ये, कोपरापर्यंत पिवळा. बायांचा फार जीव त्याच्यावर. "आला का आमचा नवरदेव, हळद लावूनच आला," म्हणायच्या. तो सगळ्यांचे हात हुंगायचा. सगळ्यांना हळदीचाच वास, त्यामुळं सगळ्याच पास.

त्याला एकच शब्द यायचा. "चला." अण्णांच्या तोंडून गाडीत ऐकलेला. भूक लागली, चला. झोप आली, चला. कुणी रडत असलं तर त्याच्यापाशी जाऊन, चला. मी दहावीला पहिली आले आणि शेजारपाजारचे पेढे खायला जमले, तेव्हा तो मला चिकटून उभा होता आणि हळूच म्हणाला, चला. एवढ्या माणसांत मला तेवढंच कळलं. मी त्याला घेऊन स्टेशनाच्या बाजूला फिरायला गेले.

मी त्याच सुमारास ठरवलं होतं की मायच्या डोक्यावरचं हे गिराण उतरवायचं. भाऊ बरा व्हावा असं मला वाटायचं का? लहानपणी वाटायचं. नंतर नाही. तो होता तसा मला आवडायचा. पण माय रोज भाकरीबरोबर तो आरोप गिळत होती, ते मला बघवत नव्हतं. तिला कुणीतरी ठामपणे सांगायला पाहिजे होतं की बाई, वांग्यांचा काही संबंध नाही. नुसतं सांगून भागत नव्हतं, ते मी शंभरदा करून बघितलं होतं. ती म्हणायची, "मंग कशानं झालं, ते सांग." म्हणून मी जीवशास्त्र घेतलं. नांदेडला बीएस्सी, पुढं एमएस्सी, आणि मग हैदराबादेत एका प्रयोगशाळेत काम लागलं. लोकांना सांगताना मी म्हणायचे, मला विज्ञानाची आवड आहे. आवड कसली, मला उत्तर पाहिजे होतं.

प्रयोगशाळेत माझ्या वाट्याला आल्या माश्या. केळी नासली की घोंगावतात त्या चिलटांएवढ्या. आत्याला कळलं तेव्हा म्हणाली, "एवढी शिकली अन माशा मारून राहिली." पण मारत नव्हते, पाळत होते. काचेच्या नळ्यांमध्ये, कापसाची बुचं लावून.

आमचं काम काय होतं ते सोप्यात सांगते. प्रत्येक पेशीत एक मूळ मजकूर असतो, जन्मभराचा. तो जपून ठेवलेला असतो, कामाला काढत नाहीत. कामापुरती त्याची नक्कल काढतात. तिला म्हणतात आरएनए. त्या नकलेवर बघून पेशी आपला माल बनवते. आता नकला काढायच्या म्हणजे चुका आल्याच. कधी मधला मजकूर गळतो, कधी अर्ध्यातच 'इथं संपलं' अशी खूण पडते. तसल्या नकलेवरून माल केला तर अर्धवट, बिनकामाचा, कधी घातकसुद्धा. म्हणून पेशीत तपासणारे असतात. नक्कल वाचली जात असतानाच ते भलत्या जागची खूण हेरतात आणि ती नक्कल फाडून टाकतात. एवढंच नाही, काही चांगल्या नकलाही ते जास्त झाल्या की कमी करतात, प्रमाण राखायला. हे अंगातल्या सगळ्या पेशींत चालतं. पण मेंदूची पेशी नाजूक. तिला लांब लांब फांद्या, प्रत्येक फांदी दुसऱ्या कुणाशी तरी जोडायची, आणि पेशी बहुतेक जन्मभर तीच. तिथं तपासणी ढिली पडली तर पेशी मरत नाही, काम करते. पण जोडण्या थोड्या वेगळ्या पडतात. आणि जोडण्या वेगळ्या, तर वागणं वेगळं.

आमच्याकडं अशा माश्या होत्या, ज्यांच्या मेंदूत ही तपासणी मुद्दाम मंद केलेली. दिसायला माशीच. पंख शाबूत, डोळे लाल. दुसऱ्या माशीशेजारी ठेवली तर ओळखू येणार नाही. पण झोपायच्या वेळी झोपायची नाही. एकाच जागी पाय घासत राहायची. बाकीच्या ज्या वासाला लांब पळायला शिकल्या, तिथं ही पुन्हा पुन्हा जायची. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा मला भाऊ आठवला. नाक-कान बराबर, आणि आतलं वेगळं. बाकीचे जेवायला गेले होते. मी नळीपाशी तोंड नेऊन त्या माशीला म्हणाले, चला. मागं आमच्या बाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, उभ्या होत्या. त्यांना वाटलं मी वेडी झाले.

मग त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आधी मला जमिनीवर आणलं. म्हणाल्या, "अशा मुलांमध्ये शेकडो कारणं असू शकतात. तू माश्यांवर जे बघतेस तेच तुझ्या भावाचं असेल, असं समजू नकोस." पण त्यांच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई अशा मुलांच्या कुटुंबांचं रक्त तपासत होत्या. मी माय आणि भावाला हैदराबादला घेऊन आले. रेल्वेत त्यानं सगळ्या डब्याचे हात हुंगले. एका म्हाताऱ्या मौलवींनी तर स्वतःहून दोन्ही हात पुढं केले आणि म्हणाले, "देख ले बेटा, अत्तर है." रक्त काढताना भाऊ ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली माय. सुई त्याला टोचली आणि डोळे हिनं मिटले.

निकाल यायला फार वेळ लागला. इतका, की मी विचारायचं सोडून दिलं होतं. एक दिवस त्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवलं. भावाच्या मूळ मजकुरात एक चूक सापडली होती, आणि नेमकी त्या तपासणाऱ्यांपैकी एकाच्या मजकुरात. नकला तपासणारा एक गडीच त्याच्यात अर्धवट तयार होत होता. मला हसावं की रडावं कळेना. सापडलं म्हणून इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरला. मग त्या म्हणाल्या, "ही चूक आईकडून आली आहे. आईच्या रक्तातही आहे."

इतकी वर्षं जिला सोडवायला मी निघाले होते, तिच्याकडंच शास्त्रानं बोट दाखवलं. आता काय सांगायचं? वांग्यांचं नाही माय, पण तुझंच आहे? इकडं आड तिकडं विहीर. मी तीन-चार वेळा फोन उचलला आणि जेवलीस का, ऊन किती आहे, असलं काहीतरी बोलून ठेवला. खोटं बोलायचाही विचार केला. सांगायचं, आपोआप झालं, कुणाकडून नाही. असंही होतं बऱ्याचदा. ती थोडीच तपासायला येणार होती. पण तिला आजवर सगळ्यांनी आपापल्या सोयीचं सांगितलं होतं. त्यात आणखी मी भर घालायची, हे मला पटेना.

उन्हाळ्यात घरी गेले. हळदीचे दिवस. माय मोंढ्यातून आली, हातपाय धुतले, पदराला पुसत ओसरीवर टेकली. भाऊ तिच्या पाठीला पाठ लावून बसला. तो आता उंचीनं तिच्यापेक्षा मोठा होता. अण्णा आत मुक्कामी गाडीच्या ड्युटीची तयारी करत होते. म्हटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही.

"माय, त्याच्या रक्ताचं कळलं."

"काय कळलं?"

"तू हळद निवडतीस ना, तसं माणसाच्या डोक्यात बी निवडायचं काम चालतं. चिठ्ठ्या येत राहत्यात, कसं करायचं, काय करायचं त्याच्या. फाटकी चिठ्ठी बाजूला काढायची, चांगली पुढं द्यायची. त्याच्यात ते निवडायचं काम नीट होत न्हाई. म्हनून तो असा हाय."

माय आपल्या पिवळ्या बोटांकडं बघत म्हणाली, "निवडनारी न्हाईच त्याच्यात?"

"हाय. पन तिला नीट दिसत न्हाई."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून. तो पोटात राहिला त्या दिवसापासून."

"म्हंजी गिराणाच्या आदी."

"आदी. गिराण लागलं तवा तो असाच व्हता."

तिनं मान हलवली. मला वाटलं इथंच थांबावं. झालं की काम. पण तिनं तो प्रश्न विचारलाच, जो ती मला मी शाळेत असल्यापासून विचारत होती. "मंग कशानं झालं?"

"तुझ्याकडून आलं, माय," मी म्हणाले, आणि मग मला थांबताच येईना. तुझा दोष न्हाई, तुझ्यात त्या मजकुराच्या दोन प्रती, एक चांगली म्हणून तुला काही झालं नाही, पोरगा असला तर वाट्याला एकच येते, त्याच्या वाट्याला नेमकी ती चुकीची आली, तू काही केलं म्हणून न्हाई. मी बडबडत होते आणि रडत होते.

"थांब," माय म्हणाली. "गडबड नको करू. अन तुझ्यात?"

"माझं तपासलं न्हाई अजून."

"तपास," ती म्हणाली. "तुला पुढं तकलीफ नको." मग तिनं विचारलं, "अन माझ्यात कुनाकडून आलं?"

"आजीकडून असंल. तिला बी काही झालं नसंल. पन तिला पोरगा असता, तर त्याला झालं असतं कदाचित."

"व्हता," माय म्हणाली.

मायचा एक भाऊ लहानपणी तापानं गेला, एवढं कधीतरी कानावर आलं होतं, पण बोलताना ते माझ्या ध्यानातच नव्हतं. तिनं त्याचं कधी काही सांगितलं नव्हतं. आता ती सांगायला लागली. हट्ट्याला तो दिवसभर बैलांच्या मागं मागं चालायचा. बोलायचा नाही. कुणी हात धरला तर स्वतःचा हात चावायचा. घरचे म्हणायचे विहिरीवर त्याला बाहेरचं लागलं. अंगारे झाले, धुपारे झाले, दोरीनं बांधूनही ठेवलं. ती तेव्हा एवढीशी होती, त्याला चोरून भाकरी नेऊन द्यायची.

"मंग तू कवा बोलली काहून न्हाई?" मी विचारलं.

"काय बोलू? त्याला बाहेरचं झालं, असंच मला मायनं सांगितलं व्हतं. अन आपल्या घरात भुताखेताचं नाव काढलेलं तुझ्या अण्णाला चालत न्हाई. म्हनून न्हाई काढलं."

आमच्या घरात नवस नव्हते, भुतं नव्हती. त्यांच्याबरोबर माझा मामाही हद्दपार झाला होता. तो नुसता एकदा जेवताना बोलण्यात आला असता, तरी एखाद्या डॉक्टरनं कान टवकारले असते.

माय भावाच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग तिनं माझ्याकडं बघून अगदी शांतपणे विचारलं, "माझ्या मायनं तर गिराणात कवा पानी सुदीक पेलं न्हाई. मंग माझ्या भावाच्या येळंला कोनी चिरलं व्हतं?"

मी ज्या उत्तरासाठी हैदराबादला गेले होते, ते हेच होतं. ती आता तिच्या त्या भावासाठी रडायला लागली, गिराणासाठी नाही. "उगं बांधलं गं त्याला," एवढंच म्हणत होती. माझा भाऊ वळला, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "चला."

तेव्हा मला दिसलं की अण्णा उंबऱ्यात उभे आहेत. खाकी शर्टाची बटणं अर्धीच लावलेली. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

"मंग ते गिराणाचं न्हाई ना?" त्यांनी मला विचारलं.

मला आधी वाटलं थट्टा करतायत. मग त्यांचा चेहरा बघितला. अख्ख्या वस्तीला लिंबू आणि मोसंबी दाखवणारा माणूस मला गिराणाचं विचारत होता, आणि उत्तराला घाबरला होता.

"न्हाई अण्णा. गिराणाचं काहीच न्हाई."

"पक्कं?"

"पक्कं."

ते तिथंच उंबऱ्यावर बसले. "मीच बसवलं व्हतं हिला विळीवर," ते म्हणाले. "लोक हिला बोलत राहिले, मी ऐकत राहिलो. कोन्या तोंडानं बोलनार? विहारात जाऊन लोकाला सांगायचो, गिराणात काही नसतंय. अन घरी येऊन पोराकडं बघितलं की वाटायचं, असलं तर? असलं तर ते मी केलंय." माझा बाप रडताना मी त्याआधी कधी बघितला नव्हता. आवाज होत नव्हता, नुसते खांदे हलत होते.

माय डोळे पुसून उठली आणि त्यांच्यापाशी जाऊन बसली. "मी कवा म्हनलं का तुमाला, तुमचं हाय म्हनून?"

"न्हाई म्हनलीस," अण्णा म्हणाले. "म्हनली असतीस तर बरं झालं असतं."

माय त्यांच्या शर्टाची राहिलेली बटणं लावायला लागली. पिवळे हात खाकीला लागत होते, तिकडं दोघांचंही लक्ष नव्हतं. शेवटचं बटण लावून झाल्यावर ती म्हणाली, "मंग आता म्हनते. तुमचं न्हाई. माझं बी न्हाई. उठा, गाडीतली मानसं खोळंबली असतीन."